पडवीतला हिरवा दिवा

आमच्या घरात आवाज फक्त मला ऐकू यायचे. पावसाळ्यात पन्हळीतून हंड्यात पडणारं पाणी, माळ्यावरच्या उंदरांची धावपळ, आंबेनळीचा घाट चढताना गिअर बदलणाऱ्या यष्टीचं कण्हणं, सगळं माझ्या एकटीचं. मी चार वर्षांची असताना आईला मोठा ताप आला होता. तो उतरला तेव्हा तिचे कान घेऊन गेला. वडील मुंबईला गोदीत होते, मी सहावीत असताना तिकडेच वारले. मग पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीतल्या घरात आम्ही दोघीच राहिलो, एक बोलणारी आणि एक ऐकणारी. बोलणारी आई होती. ऐकू येत नसल्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतो याचा तिला पत्ताच नसे. शेजारच्या भागीकाकू हाताने खुणा करायच्या, "आस्ते गो, आस्ते! साऱ्या वाडीला कळला आज तुझ्याकडं सुकट केलंय!" आई खुणेचा अर्थ बरोबर ओळखायची आणि आणखी मोठ्याने म्हणायची, "कळू दे की! चोरून आणलंय काय?"

माझं उलटं झालं. आईशी बोलायचं म्हणजे ओठ नीट हलवायचे, नाहीतर पाटीवर लिहायचं. आवाज काढायची गरजच नाही. त्यामुळे मला बिनआवाजाचं बोलायची खोड लागली. महाडला कॉलेजात मुली म्हणायच्या, "ही काय मनातल्या मनात जप करते का गं?" मैत्रिणी फारशा झाल्या नाहीत, आणि त्याचा दोष मी त्यांना देत नाही. जिचे ओठ हलतात आणि आवाज येत नाही, तिच्याशी कोण गप्पा मारणार? संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, काळोख व्हायच्या आत पाऊलवाट चढायची, आईने केलेली कुळथाची पिठी आणि भात जेवायचा, पाटीवर दिवसाची हकीकत लिहायची. ती वाचायची, हसायची, पाटी पुसायची. माझ्या सगळ्या तरुणपणीच्या गोष्टी अशा पुसल्या गेल्या. लिहून ठेवायच्या असतात हे तेव्हा कुणाला सुचलं होतं!

कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे एक सर होते. त्यांनी मला एक सीडी दिली आणि म्हणाले, "हे लिनक्स. फुकट आहे, उघडं आहे, आत हात घालून बघता येतं. बघ." मी घातला हात. काय आवडलं असेल मला? त्याच्या खिडक्या मराठीत होत्या. जगाच्या पाठीवर कुठेतरी बसून कुणीतरी बिनपैशाने 'फाईल' शेजारी 'संपादन', 'दृश्य' असे शब्द लिहून ठेवले होते. आई जुन्या सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षर ओळखीचं नाही, पण मराठी छापलेला कागद दिसला तर भजी बांधून आलेला असला तरी वाचणार. मला त्या क्षणीच वाटलं, हे आईचं यंत्र आहे. सरांच्याच ओळखीने एक जुना लॅपटॉप मिळाला. त्याची बॅटरी मेलेली होती, वायर लावली तरच चालायचा. प्रत्येक कळीवर मी पांढरी चिकटपट्टी लावून मराठी अक्षरं लिहिली. आई आठ दिवसांत एका बोटाने लिहायला शिकली. भाकरी थापणाऱ्या बाईची बोटं कळ दाबायची म्हणजे ठोकायचीच. टेबल हलायचं.

आणि मग पुण्याला नोकरी लागली. बाकीच्या मुली नोकरी लागली म्हणून पेढे वाटतात, मी तीन दिवस घरी सांगितलं नाही. कारण उघड होतं. मी गेले की आईशी बोलणार कोण? इतर आया फोनवर बोलतात. बहिऱ्या बाईच्या घरात फोन कशाला? मोबाईलची रेंज तर तेव्हा वाडीत यायचीच नाही. तिच्या आयुष्यात तिच्याशी बोलणारं एकच माणूस होतं आणि ते चार घाटांपलीकडे निघालं होतं. शेवटी नेमणुकीचं पत्र तिलाच सापडलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "जाशील नायतर काय! हितं राहून माझं तोंड बघत्येस?" एवढं बोलून चुलीपाशी गेली आणि पाठमोरी बसून राहिली. तिला वाटलं मला कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज होतो, हे ऐकू न येणाऱ्याला कसं कळणार?

वाट काढली ती गुरुजींमुळे. गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त मास्तर, ओढ्यापलीकडच्या टेपाडावर एकटेच राहायचे. त्यांच्या मुलाने मुंबईहून येऊन घरात फोनच्या तारेवरचं इंटरनेट घेऊन दिलं होतं, बिनतारी मोडेमसकट, विजेच्या खेळखंडोब्यासाठी इन्व्हर्टरसकट. गुरुजी त्यावर रोज सकाळी तासभर पेपर वाचत आणि मग दिवसभर मुलाची वाट बघत. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, ने की. त्या लहरी नाहीतरी ओढ्यात पडून फुकट जातात." लहरी ओढा ओलांडून आमच्या पडवीपर्यंत जेमतेम पोहोचत होत्या. मी लॅपटॉपला वायरीने लावायचा, बिनतारी जोडणीचा बोटाएवढा तुकडा आणला, आईच्या पिठाच्या मोठ्या लोखंडी चाळणीच्या मध्यभागी बांधला आणि चाळणी गुरुजींच्या खिडकीकडे तोंड करून पडवीच्या खांबाला टांगली. लहरी त्या चाळणीत गोळा होतात म्हणे. झाल्याही. आई आठ दिवस पीठ कशात चाळायचं म्हणून कुरकुरत होती.

खरी रड पुढे होती. त्या तुकड्याला लिनक्स ओळखतच नव्हतं. तेव्हा असंच असायचं. असले तुकडे बनवणारे लोक ते चालवायचा प्रोग्राम फक्त विकतच्या सिस्टिमसाठी द्यायचे, आमच्यासारख्यांनी आपलं आपण बघावं. मग त्यांचा प्रोग्राम दुसऱ्या एका प्रोग्रामच्या पोटात बसवायचा, त्याला हळूच जागं करायचं, तुकडा चालू करायचा, आजूबाजूला कोणतं नेटवर्क आहे ते विचारायचं, गुरुजींच्या नेटवर्कचं नाव आणि परवलीचा शब्द द्यायचा, आणि शेवटी पत्ता मागायचा. सहा ओळी, सगळ्या इंग्रजीत, काळ्या पडद्यावर. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती माझ्याकडे अशी बघतात, जशी मी जात्यावर दळायची गोष्ट सांगतेय. बरोबरच आहे त्यांचं. खिशातला फोन काढला की जोडलेला असतो त्यांचा.

त्या सहा ओळी मी आईला वहीत लिहून दिल्या आणि पुण्याला निघाले. अक्षर न् अक्षर चित्रासारखं बघून ती ते उतरवायची. एक टिंब चुकलं की सगळं फिसकटायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. रोज सकाळी चहा झाला की पडवीत बसायची आणि मोठ्याने स्वतःशी बोलत कळा ठोकायची. भागीकाकू मला नंतर सांगायच्या, "तुझी आवस सकाळच्या पारी त्या पेटीला असल्या शिव्या घालते, बाय माझे, शिमगा बरा!" कधी पंधरा मिनिटं लागायची, कधी पाऊण तास. मी ऑफिसात नऊ वाजता बसले की वाट बघायची. आणि मग पडद्यावर उमटायचं, "आले गो." एवढंच. त्या दोन शब्दांनी मला जो धीर यायचा तो पुण्यात दुसऱ्या कशानेच आला नाही.

पुण्यात माझं कुणी नव्हतं. कॉट बेसिसवरची खोली, तिघीजणी, तिघींच्या तीन वेळा. मेसची पोळी कागदासारखी, आमटी गोड. वालाच्या बिरड्याची आठवण आली की पोटात नाही, छातीत कळ यायची. ऑफिसातल्या लोकांना मी घुमी वाटायचे. "शैला, तोंड उघडायला कंपनीने मनाई केलीय का?" असं एकजण रोज विचारायचा. चांगला होता बिचारा, पण उत्तर सुचेपर्यंत तो पुढे गेलेला असायचा. मग मी संध्याकाळी ऑफिसातच बसून राहायला लागले, आणि आईच्या सहा ओळींचा एक प्रोग्राम लिहायला घेतला. एक छोटी खिडकी, त्यात आसपासच्या नेटवर्कची नावं, खाली एक मोठं बटण, त्यावर मराठीत 'जोडा'. बाकीचं सगळं आत मी करणार. आईने फक्त दाबायचं.

उघड्या सिस्टिमचा रिवाज असा की केलेलं वाटायचं. मी ते लोकांच्या एका पत्र-यादीवर ठेवलं, एकाने लिहिलेलं ईमेल सगळ्यांना जातं तसल्या. वाटलं होतं, कोण बघतंय? दुसऱ्या दिवशी अकरा पत्रं! कुठल्या कुठल्या देशांतले लोक, कुणाचा तुकडा चालला, कुणाचा नाही चालला, कुणी चूक दुरुस्त करून पाठवली. एका म्हाताऱ्या गृहस्थाने लिहिलं की त्याच्या बायकोने आज पहिल्यांदा त्याला न विचारता टपाल वाचलं. मी ते पत्र छापून उशीखाली ठेवलं होतं, हसू नका. ज्यांनी माझा चेहरा पाहिला नव्हता, ज्यांना माझा आवाज ऐकायचाच नव्हता, त्यांच्यात मी बडबडी झाले. लेखी बोलायचं हे तर माझं बाळकडू. त्यातल्याच एकाने एकदा विचारलं, "मुळात बटण तरी का दाबायला लावायचं? यंत्र चालू झालं की आपोआप जोडू दे, आपोआप हजेरी लागू दे." मला स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. किती बरोबर! चार रात्री जागून मी तेही केलं.

शिमग्याला घरी आले तेव्हा आईच्या लॅपटॉपवर ते बसवलं. ती भाकऱ्या टाकून, हाताला पीठ तसंच घेऊन बघायला आली. मी यंत्र बंद केलं, चालू केलं. आपोआप खांबावरचा तुकडा लुकलुकला, आपोआप पडद्याच्या कोपऱ्यात तिच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. दिवाच म्हणायचो आम्ही त्याला. माझ्या ऑफिसातल्या यंत्रावर तिचा दिवा दिसणार, तिच्या यंत्रावर माझा. मी मोठ्या ऐटीत तिच्याकडे बघितलं.

"मंग मी काय करू?" आई म्हणाली.

"काहीच नाही," मी ओठांनी सांगितलं. "तीच तर गंमत आहे."

"काय पन नाय?" तिने वही उघडून बघितली, मिटली आणि कोनाड्यात ठेवली. "बरा हाय. हुशार हाय माझी पोर." आणि भाकरी करपली म्हणून आत पळाली. मला थोडं वाईट वाटलं की ती हरखली नाही. एवढी खटपट केली, आणि बाईसाहेबांना भाकरीचं पडलंय!

तेव्हापासून "आले गो" यायचं बंद झालं. कशाला यावं? दिवा लागला की कळतंच ना, आली म्हणून. आधी मला चुकल्यासारखं झालं, मग सवय झाली. सकाळी खुर्चीत बसायचं, कोपऱ्यात नजर टाकायची, हिरवा आहे, चला कामाला. पत्रं कमी झाली. पूर्वी दिवसाला दहा-पंधरा ओळी व्हायच्या, आता दोन दिवसांत एक. आईही लिहीनाशी झाली. कामात असेल पोर, असं तिला वाटत असणार. एकदा वीज जाऊन आल्यावर ती यंत्र चालू करायला विसरली आणि शेतावर गेली, तर दिवा दिसेना म्हणून मी गुरुजींना चार वेळा फोन करून हैराण केलं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून पुढच्या खेपेला मी भागीकाकूंना बटण दाखवून ठेवलं. "काकू, सकाळी शेतावर जाता-जाता पडवीत डोकवा, बंद दिसलं तर हे एवढं दाबा. बाकी काही करायला लागत नाही." काकू म्हणाल्या, "त्यात काय? तुळशीला पानी घालते तसा दाबीन." आणि त्यांनी शब्द पाळला. ती बाई शब्दाची पक्की होती, हेच आमचं दुर्दैव.

पावसाळा लागला. आषाढात एक मोठं काम वेळेत पुरं झालं म्हणून कंपनीने सगळ्यांना तीन दिवस सहलीला न्यायचं ठरवलं. कुठे? महाबळेश्वरला! मी नकाशा बघायला नको होता. महाबळेश्वरहून आंबेनळी उतरली की पोलादपूर, तासा-दीड तासाची वाट. आईला कळवलं असतं तर ती म्हणाली असती, "येवढी वर आल्येस तर खाली नाय उतरत?" आणि मला उतरावं लागलं असतं. मला उतरायचं नव्हतं. आज स्पष्ट लिहिते, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला तीन दिवस कुणाचीही मुलगी व्हायचं नव्हतं. सगळ्यांबरोबर गाडीत बसायचं होतं, मक्याची कणसं खायची होती, कुणीतरी "शैला, इकडे ये, फोटोत ये" म्हणावं असं वाटत होतं. म्हणून मी आईला काही कळवलं नाही. उलट, जाताना ऑफिसातलं माझं यंत्र मुद्दाम चालू ठेवून गेले. दिवा हिरवा राहील, आईला वाटेल मी खुर्चीतच आहे, तिला घोर नको. याला मी तेव्हा प्रेम समजत होते.

सहल छान झाली, हेही लिहायलाच हवं. मी फोटोत आहे. दुसऱ्या दिवशी धुक्यात एका कड्यावर उभे होतो, खाली काही दिसत नव्हतं, आणि तो रोज चिडवणारा म्हणाला, "तुझं गाव ह्याच बाजूला ना? हाक मार, ऐकू जाईल." सगळे हसले. मीही हसले. आईचं मी तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

सोमवारी ऑफिसला आले, कोपऱ्यात बघितलं, हिरवा. मन स्वस्थ. लिहिलं, "आई, लावणी उरकली का?" उत्तर नाही. शेतावर असेल. दुपारी लिहिलं, "जेवलीस?" उत्तर नाही. चार वाजता लिहिलं, "आई?" दिवा तसाच, हिरवागार. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, माझ्या प्रोग्राममध्ये चूक आहे. जोडणी तुटली असणार आणि दिवा खोटा दाखवतोय. मी प्रोग्राम उघडला आणि वरपासून खालपर्यंत तपासत बसले. पत्र-यादीवर लोकांना विचारलं. दोघांनी ताबडतोब उत्तरं पाठवली, किती तत्पर माणसं! दोन तास आम्ही तीन देशांतले तिघं मिळून माझ्या आईच्या दिव्यातली चूक शोधत होतो. सापडली नाही, कारण नव्हतीच. प्रोग्राम उत्तम चालला होता.

सहा वाजता गुरुजींना फोन केला. "गुरुजी, तुमच्या मोडेमचे दिवे बघता का जरा?"

"चारही लागलेत गं. मी आत्ताच बातम्या वाचल्या."

"मग आमच्या पडवीत जाऊन लॅपटॉपवर काय दिसतंय तेवढं सांगाल? पाऊस आहे, पण..."

"पाऊस काय, रोजचाच आहे," गुरुजी म्हणाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, छत्री घेऊन साकवावरून ओढा ओलांडून गेला. अर्ध्या तासाने त्यांचाच फोन आला. वर्गात कुणी खोटं बोललं की लागायचा तसा त्यांचा आवाज लागला होता. "शैला, यंत्राला काही झालेलं नाही. तू नीघ."

वरंधच्या घाटात दरड आली होती, म्हणून ताम्हिणीतून माणगावला उतरून महाडला पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. आईला दवाखान्यात ठेवलं होतं. लावणीच्या चिखलातून येतो तो ताप, डोळे पिवळे झाले होते. डॉक्टर म्हणाले, "आणखी एक दिवस गेला असता तर मला काही करता आलं नसतं." भागीकाकू बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. पायांचा चिखल तसाच वाळलेला. मला बघताच त्यांनी हंबरडा फोडला.

"शैले, मी रोज जात हुते गो! चारी दिस गेले. बटन दाबला, निघाले. पायाला चिखल, भरल्या पायांनी माजघरात कशी जाऊ? आनि ती म्हनली हुती, लावनी झाली की नाते गावाला जाईन बहिनीकडं दोन दिस. मला वाटला गेलीच. दुसरा कोन असता तर दारातनं हाक मारली असती, काय गो, हायेस काय? पन तिला हाक मारून काय व्हनार? तिला हाक मारायची सवयच नाय आमाला!"

आई चार दिवस दाराच्या आत पडून होती. काकू पडवीत यायच्या, यंत्राचं बटण दाबायच्या, जायच्या. मध्ये एक दार. काकूंना हाक मारायची सवय नाही, आणि आईला कुणी आल्याचं ऐकू येत नाही, म्हणून तिनेही हाक मारली नाही. आणि पुण्यात दिवा हिरवा. मी काकूंना काय बोलणार? त्यांनी मी सांगितलं तेवढंच केलं होतं. मीच त्यांना म्हटलं होतं, बाकी काही करायला लागत नाही.

पुढे मी तो प्रोग्राम बदलला. माणसाने स्वतःच्या हाताने काही लिहिलं नाही तोवर दिवा लागायचाच नाही, असं केलं. यादीवर ओरड झाली, सोपं केलेलं पुन्हा अवघड का करता म्हणून. करू दे म्हटलं ओरड. एकाने कारण विचारलं तेव्हा मी 'घरगुती' एवढंच लिहिलं. बाकीच्यांनी माझी जुनी आवृत्तीच वापरली, आणि त्यांचं बरोबर असेल. त्यांच्या आया ऐकू येणाऱ्या असतील.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी आईला नीट शुद्ध आली. पेज पाजली. ओठ सुकून फाटले होते, तरी आवाज तोच, सगळा वॉर्ड वळून बघणारा. मी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहून विचारलं, "ताप भरला तेव्हा मला का नाही लिहिलंस? एक शब्द लिहायचास."

तिने चिठ्ठी लांब धरून वाचली.

"लिवणार हुते की. पयल्या दिवशी उठून पडवीत ग्येले. बघत्ये तर तुझा दिवा हिरवा. म्हटला, पोर कामात हाय, कशाला घोर लावू? तिसऱ्या दिवशी भित धरधरून ग्येले, तवा पन हिरवा. रविवार असून पन बसल्येय म्हटला, केवढा काम देतात मेले! तुझा दिवा बघितला आनि बरा वाटला मला. मंग जाऊन पडल्ये." तिने माझा हात धरला. तिचा हात अजून कढत होता. "तिनी दिस कामात हुतीस ना गो?"

शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडे बघत होती. मी चिठ्ठी परत घेतली. पेन होतं. जागाही होती लिहायला.

"हो," मी लिहिलं, "कामातच होते."

तिने वाचलं, मान डोलावली आणि समाधानाने डोळे मिटले. त्यानंतर आई अकरा वर्षं होती. खरं काय ते मी तिला कधी लिहून दाखवलं नाही.